अडीच लाखाचा कॅमेरा घ्यावा का? अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

थोडी पार्श्वभूमी

मी जळगावात लग्नाचे फोटो काढतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. हे प्रकरण माझं नाही, ओळखीतल्या एका पोराचं आहे. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नाव आणि गाव टाकू नका म्हणाला. सगळ्या चुलतभावांत तो लहान, म्हणून इथे त्याला धाकला म्हणू.

धाकल्याचं गाव अमळनेर तालुक्यात, घरी कोरडवाहू कापूस. कॉलेज मधेच सुटलं आणि एका स्टुडिओत अल्बम चिकटवता चिकटवता हा फोटोकडे वळला. कॅमेरा होता सेकंडहँड कॅनन ६००डी, २०११ साली आलेलं मॉडेल, १८ मेगापिक्सेल, आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स. एवढ्यावर त्याने तीन वर्षं आजूबाजूच्या गावांतली बारशी, साखरपुडे, लहान लग्नं केली. पैसे कमी घ्यायचा, फोटो वेळेवर द्यायचा, लोक खुश.

आपल्याकडचं लग्न म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी वऱ्हाड बसवणार कुठे, म्हणून कित्येक लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात. म्हणजे अक्षता पडायच्या वेळीच सूर्य जातो. वीस-पंचवीस मिनिटांत उजेड इतका उतरतो की सुरुवातीला लावलेलं सेटिंग शेवटच्या मंगलाष्टकाला चालत नाही, आणि त्यात नवरदेव वरातीत नाचून उशिरा आला (येतोच) तर सगळं लग्न मंडपवाल्याच्या लाईटवर. फोटोग्राफरची खरी परीक्षा तिथेच होते.

काय बिघडलं

२०२३ च्या उन्हाळ्यात धाकल्याला पहिल्यांदा मोठं लग्न मिळालं. शेतातला मांडव, दीड हजार पान, स्टेजवर गुलाबी-जांभळे एलईडी. नवरदेव तासभर उशिरा.

फोटो आले ते बघवत नव्हते. हललेले, दाणेदार, चेहरे जांभळे, आणि जिथे फ्लॅश मारला तिथे कपाळ चकचकीत पांढरं आणि मागे सगळा अंधार. अल्बम बघताना नवरीच्या आजीने पानावर बोट ठेवून विचारलं, "नवरीनं तोंड कोठे शे रे भो?" खरंच नव्हतं. मुंडावळ्या होत्या, हार होता, तोंड कुणाच्या तरी हातामागे.

यजमानांनी उरलेले पैसे अडकवले, आणि त्याहून वाईट म्हणजे ही गोष्ट गावोगाव गेली. पुढच्या दोन ऑर्डरी विचारणा करून तिसऱ्याकडे गेल्या, त्याच्या कार्डावर फुलफ्रेम (म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा), ड्रोन, फोरके व्हिडिओ असं सगळं छापलेलं. एकाने तर धाकल्याला तोंडावर सांगितलं, भाऊ तुझा हात चांगला आहे पण कॅमेरा डबडा आहे.

म्हणून धाकला एका पतसंस्थेत जाऊन आला. अडीच लाख, तीन वर्षांचे हप्ते, जामीनदार म्हणून मामा. कागद भरून झाले होते, फक्त सह्या बाकी होत्या, तेव्हा त्याने मला फोन केला आणि विचारलं, दादा कुठला घेऊ?

मी तेव्हा जे उत्तर दिलं त्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, कॅमेऱ्याने काही होत नाही रे, फोटो डोळ्याने निघतो. हे वाक्य आम्ही जुने लोक फार सहज फेकतो, आणि फेकताना आमच्या खांद्यावर दोन लाखाचा कॅमेरा लटकलेला असतो. तो काही बोलला नाही, पण फोन ठेवला त्यावरून कळलं.

आधी बाद फोटो चाळले

दोन दिवसांनी मीच त्याला जळगावला बोलावलं. येताना त्या लग्नाचा आणि आधीच्या एकाचा सगळा डेटा घेऊन ये, निवडलेले फोटो नकोत, फेकलेले आण. दोनेकशे बाद फोटो निघाले. आम्ही पाच फोल्डर केले आणि प्रत्येक फोटो का गेला ते ठरवत एकेक टाकत गेलो. संध्याकाळ गेली त्यात, मधे शेवभाजी झाली.

सगळ्यात मोठा फोल्डर निघाला हललेल्या फोटोंचा. फोटोच्या माहितीत बघितलं तर शटर १/३० सेकंद, कुठे १/२०, म्हणजे तेवढा वेळ उघडं, आणि तेवढ्यात माणूस हलतोच. कॅमेरा ऑटोवर होता, उजेड कमी झाला की तो आपोआप शटर हळू करायचा आणि याला पत्ता नाही. त्याच्या खालोखाल फोकस चुकलेले. ६००डी ला ९ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप, म्हणजे अंधारात भरवसा ठेवावा असा तोच एक. धाकल्याने नऊच्या नऊ चालू ठेवलेले, मग कॅमेरा जे जवळ आणि ठळक दिसेल ते पकडायचा, म्हणजे स्टेजचा फुलांचा खांब. खांब अगदी टाचणीसारखा शार्प, नवरानवरी धुरकट. तिसरा फोल्डर समोरून मारलेल्या फ्लॅशचा, चौथा क्षण हुकल्याचा, डोळे मिटलेले किंवा कुणीतरी आडवं आलेलं.

पाचवा फोल्डर असा होता की ज्यात सगळं बरोबर केलं होतं आणि तरी फोटो गेला, आयएसओ (अंधारात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायचा आकडा) ६४०० ला दाणे इतके की चेहऱ्याची कातडी रांगोळीसारखी. हा सगळ्यात लहान होता. पण रिकामा नव्हता, हेही लिहून ठेवतो, कारण मी फोनवर बोललो होतो त्याप्रमाणे तो रिकामा असायला पाहिजे होता.

समोरचे पर्याय

पहिला सरळ होता, कर्ज काढा, नवीन फुलफ्रेम आणि एक बरी लेन्स घ्या. फायदा असा की गिऱ्हाईक कॅमेरा बघूनच निम्मं गप्प होतं, याला हसू नका, धंद्यात हे खरं आहे. तोटा म्हणजे हप्ता दर महिन्याला आणि लग्नं वर्षातून पाच-सहा महिने, त्यात कापसाला भाव नसला की लग्नघरंही हात आखडतात.

दुसरा, लग्नापुरता कॅमेरा भाड्याने घ्यायचा, आमच्याकडे जळगावात मिळतो. तिसरा, आहे तोच ६००डी ठेवून एक उजेडाची लेन्स आणि दोन फ्लॅश घ्यायचे आणि मांडवात कसं काम करायचं ते शिकायचं. चौथा मी सुचवला की एक सीझन माझ्यासोबत दुसरा माणूस म्हणून फिर. तो त्याला पटला नाही, म्हणाला माझ्या गावात मी फोटोग्राफर आहे, तुमच्यामागे बॅग धरताना कुणी बघितलं तर उरलेल्या ऑर्डरी पण जातील. तेव्हा मला तो फुकटचा अहंकार वाटला, नंतर विचार केला तर त्याचं बरोबर होतं.

ठरलं असं की सह्या महिनाभर थांबवायच्या आणि आधी भाड्याचा कॅमेरा एका लग्नात चालवून बघायचा.

भाड्याच्या कॅमेऱ्याचं लग्न

आणला सोनी ए७ थ्री, २०१८ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल फुलफ्रेम. आदल्या दिवशी संध्याकाळी हातात आला, दुसऱ्या दिवशी लग्न.

चांगलं आधी सांगतो. डोळ्यावर फोकस पकडायची सोय याच्यात आहे आणि ती चालली की चालते, हळदीच्या अंधारात नवरीचे फोटो असे शार्प आले की मी स्वतः झूम करकरून बघितले. आयएसओ ६४०० ला दाणे किरकोळ. म्हणजे तो पाचवा फोल्डर या कॅमेऱ्याने खरोखर पुसला असता.

आता वाईट. याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून सायलेंट शटर चालू केलं, मंगलाष्टकात आवाज नको म्हणून, भावना चांगली होती. आपल्या लाईनला करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळे मंडपवाल्याचे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला ते कळत नाही. सायलेंट मोडमध्ये हा कॅमेरा सगळं चित्र एका झटक्यात न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात दिवा कितीतरी वेळा मंद-तेज होऊन जातो, मग काही ओळी उजळ येतात आणि काही काळपट. फोटोवर आडवे पट्टे. अंतरपाट दूर होतानाचे, अक्षता पडतानाचे, हार घालतानाचे सगळे फोटो लुगड्याच्या काठासारखे पट्ट्यापट्ट्यांचे. साधं शटर ठेवून १/१०० वर काढले असते तर यातलं बहुतेक टळलं असतं. स्क्रीनवर पट्टे दिसल्यावर तो मेनूत शिरला, अनोळखी मेनू, कुठे काय सापडेना, आणि तो खाली मान घालून बटणं दाबत असताना नवरीने हार घातला पण.

नशिबाने कमरेला ६००डी होता आणि चुलतभावाने मोबाईलवर बरंच काढलं होतं, त्यातून अल्बम कसाबसा उभा राहिला. या वेळी पैसे अडकले नाहीत, पण रात्री मला फोन करून पोरगा रडला.

मग काय केलं

कर्जाचे कागद परत घेतले. घरातून आणि उधारीवर मिळून पंचवीस हजारांच्या आत बसेल एवढंच सामान घ्यायचं ठरलं. ५० एमएम एफ १.८ लेन्स, गोडॉक्सचे दोन टीटी६०० फ्लॅश, ते दुरून उडवायला कॅमेऱ्यावर लावायचा ट्रिगर, एक स्टँड, एक पांढरी छत्री.

लेन्सचं गणित मी त्याला वहीत मांडून दिलं. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स झूम करून ५५ ला नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. १.८ म्हणजे साडेनऊ पट उजेड आत येतो, म्हणजे जिथे १/३० ला फोटो हलत होता तिथे त्याच आयएसओवर १/२५० मिळतो. हललेल्या फोटोंचा फोल्डर यातच बराचसा रिकामा होतो, तेही आठ-नऊ हजारात. फक्त १.८ ला फोकसची पट्टी इतकी पातळ की नवरी स्पष्ट आणि शेजारचा नवरा धुक्यात, म्हणून जोडीला २.८ ठेवायचं. आणि ६००डी चा सेन्सर लहान, त्यावर ५० एमएम ही ८० सारखी दिसते, म्हणजे सगळं जास्त जवळ येतं, मामा-मामींच्या ग्रुपला मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे जुनी किट लेन्स आणि फ्लॅश. हे सगळं त्याने स्वतः चुका करून शिकलं, मी फक्त वहीत लिहिलं होतं.

सरावाला त्याने घरच्या आजीला बसवलं. रोज दिवेलागणीला अंगणात खाट, बाजूला एक बल्ब, आणि उजेड पूर्ण जाईपर्यंत फोटो. नियम दोनच, शटर १/१२५ च्या खाली न्यायचं नाही आणि फोकस मधल्या पॉइंटने डोळ्यावर. तीन आठवडे. शेवटी आजी म्हणाली की माझ्या फोटोंनी घर भरलं, आता भिंतीवर लावायला एक तरी दे.

फ्लॅशला वेळ लागला. मांडवाला पांढरं कापड असेल तर फ्लॅश वर मारून उजेड खाली पसरवता येतो, पण आपल्याकडे कापड पिवळं नाहीतर गुलाबी, तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. शेतात उघड्यावर तर वर आभाळच. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून छत्री लावून स्टेजच्या एका बाजूला तिरका. आणि अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, हे त्याला पटेचना, शेवटी अंगणात पावलं मोजून दाखवलं तेव्हा पटलं. वाऱ्याने छत्री उडते म्हणून स्टँड धरायला तोच चुलतभाऊ. जेपीईजी बंद करून रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाईल, सुरू केलं, त्यामुळे चेहऱ्याचा जांभळा रंग नंतर निदान काही प्रमाणात तरी काढता यायला लागला.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला ते विकत मिळत नाही. धाकला आता आदल्या दिवशी गोरजेच्याच वेळी मांडवात जाऊन उभा राहतो. लाईटवाल्याला चहा पाजतो आणि सांगतो, भो, मागे काय रंग लावायचे ते लाव, फक्त बोहल्याच्या समोर दोन साधे पिवळसर पांढरे दिवे दे. भटजींना आधीच भेटून विचारतो की शेवटचं मंगलाष्टक कुठलं, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार. करवलीला सांगून ठेवतो की हार घालताना ताई तुम्ही डावीकडे राहा. त्या आजीला नवरीचं तोंड दिसलं नव्हतं, त्याचं कारण कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हतं, याची उभं राहायची जागा चुकली होती.

चाळीसगावची एक फेरी

हे थोडं बाजूला जाऊन. मधल्या काळात पारोळ्यावरून गाडी काढून आम्ही चाळीसगावला गेलो, केकी मूस यांचा बंगला बघायला. फोटोग्राफी करणाऱ्या खान्देशी माणसाने तो बघितला नसेल तर बघावा, स्टेशनपासून जवळच आहे. मूस यांचा काळ १९१२ ते १९८९, आणि त्यातली जवळपास पन्नास वर्षं त्यांनी त्या घरातच काढली, बाहेर पडणं जवळजवळ नाहीच. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, उजेड पाडून असे फोटो करायचे की बघणाऱ्याला वाटावं अख्खा देखावा समोर आहे. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला.

मला वाटलं होतं इथे आणल्यावर पोरगा म्हणेल, बघा, कॅमेऱ्यापेक्षा माणूस मोठा. तो बराच वेळ फोटो बघत राहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, यांच्या टेबलावरची वस्तू कुठे जात नव्हती. माझी नवरी थांबत नाही." मला यावर उत्तर सुचलं नाही. मूस यांना उजेड हवा तसा मांडायला हवा तेवढा वेळ होता, लग्नात तो दहा सेकंद मिळतो, आणि त्या दहा सेकंदात कॅमेऱ्याने हात दिला नाही तर नजर असून काय करणार. उलट बाजूने हेही की एकाच खोलीतल्या उजेडाशी खेळायची जी सवय त्याने तिथे बघितली तीच त्याने अंगणातल्या खाटेवर आणली. परत येताना गाडीवर आम्ही याच विषयावर भांडत होतो.

निकाल, आणि कार्ड गेलं ते

तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन त्याने याच सामानावर केला. बाद फोटो प्रत्येक लग्नानंतर त्याच पाच फोल्डरात टाकायची सवय ठेवली, त्यामुळे काय सुधारलं ते डोळ्यासमोर होतं. हललेले अगदी थोडे, फोकसचे कमी, क्षण हुकलेले अजून असतात (माझेही असतात). ज्या घराने पैसे अडकवले होते त्यांच्याच भावकीत त्याने एक साखरपुडा केला, ते फोटो बघून जुन्यातले निम्मे पैसे आले. उरलेले सोडून दिले.

मग फेब्रुवारीत एका हळदीत मेमरी कार्ड गेलं. ६००डी ला कार्डाची जागा एकच. रात्री घरी येऊन लॅपटॉपला लावलं तर कार्ड उघडेचना, रिकव्हरीवाल्याने अर्धे फोटो काढून दिले, अर्धे गेले. त्यात नवरीच्या वडिलांचा तिला हळद लावतानाचा फोटो होता, आणि तो परत काढता येत नाही. इथे हात, डोळा, सराव काही कामाचं नाही. दोन कार्डं घेणारा कॅमेरा असता तर तोच फोटो दुसऱ्या कार्डावर तसाच पडून असता.

महिनाभरात त्याने सीझनच्या पैशातून सेकंडहँड कॅनन ५डी मार्क थ्री घेतला, कर्ज न काढता. २०१२ चं जुनं मॉडेल, पण फुलफ्रेम आणि एक सीएफ, एक एसडी अशी दोन कार्डं, दोन्हींवर एकाच वेळी तोच फोटो लिहितो. ५० एमएम, फ्लॅश, ट्रिगर सगळं त्यावर चाललं. किट लेन्स मात्र बसली नाही, ती ईएफ-एस, लहान सेन्सरसाठी बनवलेली, फुलफ्रेमवर लागतच नाही. हे त्याने मला विचारलं नाही आणि मीही सांगायचं विसरलो, मग ग्रुप फोटोसाठी जुनी २४-१०५ ची लेन्स शोधावी लागली, तो खर्च हिशोबात नव्हताच.

काय वेगळं करता आलं असतं

भाड्याचा कॅमेरा पैसे देणाऱ्या घरच्या लग्नात पहिल्यांदा चालवायला मी हो म्हणायला नको होतं. ती माझी चूक, त्याची नाही. दोन दिवसांचं जास्त भाडं देऊन आधी गावातल्या एखाद्या कार्यक्रमात, तशाच एलईडीखाली, हजारभर फोटो काढले असते तर पट्टे तिथेच दिसले असते.

बाद फोटो चाळायचं काम फोनवर सल्ला देण्याआधी व्हायला हवं होतं. मी आधी मत दिलं आणि मग पुरावा बघितला, आणि माझं मत बरंचसं बरोबर निघालं म्हणून ते चाललं असं म्हणता येत नाही, कारण पाचवा फोल्डर आणि ते कार्ड दोन्ही माझ्या मताच्या विरुद्ध होते.

कार्डाचं तर दोन कार्डांच्या कॅमेऱ्याशिवायही जमलं असतं. एकच मोठं कार्ड दिवसभर वापरण्यापेक्षा लहान लहान कार्डं बदलत राहायची, हळद संपली की लगेच लॅपटॉपवर कॉपी, जेवायच्या आधी. आता तो करतो.

कर्जाच्या बाबतीत मात्र थांबलो ते बरंच झालं असं आम्हा दोघांनाही वाटतं. अडीच लाख घालून पहिल्याच महिन्यात पट्ट्यांचे फोटो आले असते तर त्याने धंदाच सोडला असता, असं तो स्वतः म्हणतो.

एका गोष्टीवर अजून पटलेलं नाही. त्याने रेटकार्डावर आता 'फुलफ्रेम कॅमेरा' असं ठळक छापलंय. मी म्हणतो काढ ते, तू आदल्या दिवशी मांडव बघायला येतोस ते छाप. तो म्हणतो, दादा, ते वाचून कुणी फोन करत नाही. या सीझनला त्याच्याकडे आलेल्या नव्या फोनांत बहुतेकांनी पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच विचारला, तेव्हा सध्या तरी कार्ड तसंच आहे.